चौथी खोली

४ फेब्रुवारी

भावजी,

खुशाली विचारत नाही. तुम्ही कळवणार नाही, आणि कळवलीत तरी माझा विश्वास बसणार नाही. एकच विचारायचं आहे. आपल्या घराला चौथी खोली कधी झाली?

घरपट्टीची नवी आकारणी निघाली आहे. दर नऊ वर्षांनी निघते. आधीच्या दोन्ही वेळी तुमच्या दादांनी सगळं पाहिलं, मला कागदही दिसला नाही. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं, आता नोटीस माझ्याच हातात पडते. आणि मी कागद वाचते, भावजी. साखर बांधून आलेला कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही.

नोटिशीत लिहिलं आहे : खोल्या चार. पुढची, मधली, स्वयंपाकाची आणि मागची. मागची खोली दहा बाय बारा. भोगवटादार, आणि त्याच्यापुढे तुमचं नाव.

भोगवटादार हा शब्द मला माहीत नव्हता. रद्दीवाल्याकडून घेतलेला एक शब्दकोश आहे माझ्याकडे. त्यात सापडला. भोगवटादार म्हणजे जो ताब्यात ठेवून वापरतो तो.

मग मी शिवणाची फीत घेऊन मागच्या दारी गेले. मागे धुण्याचा दगड आहे, वाळत घालायची तार आहे आणि लिंबाचं झाड आहे. तुम्ही अठरा वर्षं या घरात पाऊल टाकलेलं नाही. दादा गेले तेव्हासुद्धा कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापाशी उभे राहिलात आणि तिथूनच परत गेलात. मी पाहिलं नाही असं वाटलं असेल तुम्हाला.

घरपट्टीच्या कचेरीच्या दारावरची पाटी तुम्हीच रंगवलेली आहे. आतली माणसं तुमच्या ओळखीची असणार. आधी खरेदीखत नाहीसं झालं, आता खोली उगवली. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि कुठे ते मी शोधून काढणार आहे.

तुमचा पत्ता रंगाच्या दुकानदाराने दिला. त्याच्यावर चिडू नका, मी त्याला सुखाने बसू दिलं नाही.

— तुमच्या दादांची बायको

१२ फेब्रुवारी

भावजी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मी कचेरीत जाऊन आले. नोंदी सांभाळणारा कारकून चष्मा कायम कपाळावर ठेवतो आणि तो शोधत टेबलाचे खण उघडतो. मी त्याला मनातल्या मनात कपाळचष्मा म्हणते. मला बघून त्याने आधी विचारलं, बरोबर कोणी पुरुष माणूस आहे का. मी म्हटलं, होता, त्याने तुमच्याच खात्यात पंचवीस वर्षं मोजणीच्या फितीचं टोक धरलं. तेव्हा त्याने खुर्ची दिली.

घराचे कागद तीन ठिकाणी असतात हे मला माहीत नव्हतं. नकाशा वेगळ्या कपाटात, मालकीचा उतारा वेगळ्या रजिस्टरात, आकारणीचा तक्ता तिसऱ्याच गठ्ठ्यात. मी विचारलं, यातला खरा कोणता. कपाळचष्मा म्हणाला, "नकाशा जागा सांगतो, उतारा मालक सांगतो, तक्ता आत कोण राहतंय ते सांगतो. तिघांचं आपसात पटेलच असं नाही, बाई." मी म्हटलं, मग हे आमच्याच घराचे कागद आहेत, ओळख पटली.

नकाशात तीन खोल्या आहेत. उताऱ्यावर तुम्हा दोघा भावांची नावं आहेत, ते मला ठाऊकच होतं. खोली आहे ती फक्त तक्त्यात.

आता नीट वाचा, कारण मी नीट ऐकलं आहे. सामाईक घरात सलग दोन आकारण्यांत ज्या मालकाचा ताबा दिसत नाही, त्याचं नाव उताऱ्यावरून कमी करायला दुसऱ्याला अर्ज करता येतो. म्हणजे ती खोली तक्त्यात नसती, तर तुमचं नाव केव्हाच उडालं असतं. मी एवढी खुळी नाही. खोली कोणाच्या उपयोगाची हे कळलं की ती कोणी बांधली हेही कळतं.

खोली पहिल्यांदा कोणी लिहून दिली, तो मूळ कागद मी मागितला आहे. अठरा वर्षांपूर्वीचा गठ्ठा मागच्या इमारतीत आहे, आठवड्याने या म्हणाला.

बाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारा बसतो. त्याने माझी गोष्ट अर्ध्यातच तोडली. म्हणाला, हरकत घ्या. साहेब पाहणीला येतील, खोली नाही हे दिसेल, आधीच्या दोन्ही नोंदी खोट्या ठरतील, दिराचं नाव जाईल आणि घर एकट्या तुमचं. माझ्या शब्दकोशाची शेवटची पानं गळलेली आहेत, 'ह' वर काहीच नाही. त्यामुळे हक्क आणि हरकत हे दोन शब्द मला त्या झाडाखाली शिकावे लागले.

मी हरकत दिली आहे. त्याने अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला होता. मी त्याच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि सही केली.

— तुमच्या दादांची बायको

२० फेब्रुवारी

भावजी,

तुमचं कार्ड मिळालं. अठरा वर्षांनी एक ओळ. "मला काही नको. खोली असेल तर पाडून टाका."

अक्षर अजून पाटीवर रंगवल्यासारखंच आहे, प्रत्येक वेलांटी मोजून काढलेली. पण ज्याला खरंच काही नको असतं तो कार्ड टाकायला पेटीपर्यंत जात नाही. आणि नसलेली खोली पाडायची कशी, ते रंगाऱ्यानेच सांगावं.

मी आज चौथ्यांदा कचेरीत गेले होते. गठ्ठा अजून मिळालेला नाही. आधी किल्ली नव्हती, मग शिपाई नव्हता, आज धूळ फार आहे म्हणाला. मला आता त्याचाही संशय येतो. दुपारचा डबा उघडताना त्याने तुमच्याबद्दल विचारलं, काय करतात, कुठे असतात. मी म्हटलं, तुम्हालाच माहीत असेल. तो बघतच राहिला. एकतर त्याला खरंच काही माहीत नाही, नाहीतर त्याने नाटकात काम करायला हवं होतं.

शेवटी कंटाळून तो म्हणाला, बाई, मंगळवारी तुम्हीच या आणि तुमच्या हातांनी शोधा. वाचता येतं ना. मी म्हटलं, येतं.

लोकांना मी सांगते की स्वतःच शिकले. पुड्यांचे कागद जोडून जोडून शिकले, हे खरंच आहे. पहिली बारा अक्षरं कुठून आली ते कोणी विचारत नाही, म्हणून सांगत नाही. पुढच्या खोलीच्या दाराला आतून ती अजून आहेत. वरून दोनदा रंग दिला, तरी 'क' वर येतोच.

तुम्ही राहायचात त्या खोलीत आता माझं मशीन आहे, हे तुम्हाला माहीत नसेल. उजेड चांगला येतो.

खरेदीखताचा विषय मी काढत नाही. तुम्हीही काढू नका.

— वहिनी

२७ फेब्रुवारी

भावजी,

कागद सापडला.

मागच्या इमारतीत एका खिडकीशी बसून मी एकेक गठ्ठा सोडला. प्रत्येक घराचं एक माहितीपत्रक असतं. घरातल्याच माणसाने भरून द्यायचं असतं : किती खोल्या, कोण कुठे राहतं, खाली सही. तपासणीला कोणी आलं तर आलं, बहुतेक येत नाही. तुमचं अक्षर दिसलं की हा कागद छातीशी धरून सरळ साहेबाच्या टेबलावर नेऊन आपटायचा, असं ठरवून गेले होते.

तुमचं अक्षर नव्हतं. यांचं होतं.

बारीक, उजवीकडे झुकलेलं, शेवटच्या अक्षरावर रेघ पुढे ओढलेली. त्या अक्षरात मी वाण्याच्या याद्या वाचल्या, डॉक्टरांच्या वेळा वाचल्या. मला ते फसवू शकत नाही. "मागील खोली, १० × १२, भोगवटादार धाकटा भाऊ." खाली सही आणि तारीख. तुम्ही घर सोडलंत त्यानंतर सव्वीस दिवसांनी. नऊ वर्षांनंतरच्या गठ्ठ्यातही तसंच पत्रक, तेच अक्षर.

कपाळचष्म्याने चष्मा खाली घेऊन तारखा पाहिल्या. म्हणाला, "फीत धरणाऱ्याला नियम सगळे पाठ असतात. कोणाचं नाव कशाने टिकतं, ते साहेबापेक्षा त्याला जास्त कळतं."

कचेरीची शिसपेन्सिल चुकून खिशात आली म्हणून परत चालत गेलेला माणूस हा. त्याने सरकारी कागदावर एक अख्खी खोली खोटी लिहिली, तिची पट्टी मरेपर्यंत भरली, आणि शेजारच्या उशीवर झोपणाऱ्या बायकोला इतक्या वर्षांत एका शब्दाने सांगितलं नाही. मी घरी आल्यावर त्यांच्या फोटोकडे पाठ करून जेवले.

मला एवढंच कळत नाही की मला का नाही सांगितलं. मी विरोध केला असता, हे खरं आहे. पण माझा त्यांच्यावर जेवढा विश्वास होता तेवढा त्यांचा माझ्यावर नव्हता, हे मला आता एका गठ्ठ्यातून कळावं? तुम्हाला हे ठाऊक होतं का? दोघा भावांचं माझ्यामागे काही बोलणं होत होतं का? हो असेल तर हो लिहा. मला आता राग सहन होईल, अंदाज सहन होत नाही.

९ मार्चला पाहणी आहे.

— वहिनी

२ मार्च

भावजी,

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे. चौथ्यांदा फाडायला कागद उरलेला नाही.

गेल्या पत्रात विचारलं की मला का नाही सांगितलं. त्याचं उत्तर माझ्याच ट्रंकेत आहे. चौदा वर्षांपासून आहे.

तुम्हाला आठवत असेल, हे कचेरीतून बाद झालेले जुने नकाशे आणायचे. जाड कागद, ब्लाउजची कटिंगं त्यावर छान बसायची. पिशवीतून गठ्ठा काढायचा, कोरी बाजू वर घ्यायची, खडूने आखायचं आणि कापायचं. कागदावर काय छापलं आहे याच्याशी मला काय करायचं होतं? मला तेव्हा बाराच अक्षरं येत होती, तीही दारावर हातभर मोठी असली तर.

खरेदीखत हे नक्कल काढायला कचेरीत घेऊन गेले होते. त्याच पिशवीतून परत आणलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे. दोन आठवड्यांनी ट्रंकेत खत नाही असं दिसलं. ते पिशवीतच राहिलं होतं हे कोणाला आठवलं नाही. तुम्ही तेव्हा दुकान काढायचं म्हणत होतात, भांडवल शोधत होतात. मी गल्लीत, चार माणसांसमोर म्हटलं, "कागदाला पाय फुटत नाहीत. घरातलाच हात लागतो." तुम्ही माझ्याकडे नाही, दादांकडे पाहिलंत. ते काही बोलले नाहीत. सकाळी तुम्ही डबे आणि ब्रश घेऊन गेलात. आठव्या दिवशी मी मशीन तुमच्या खोलीत हलवलं.

चार वर्षांनी शाळेच्या बाई नवं माप द्यायला आल्या. जाडजूड झाल्या होत्या. मी खिळ्यावरून त्यांची जुनी कागदाची बाही काढली, मोठी करून घ्यावी म्हणून उलटी केली. तोवर मला वाचता येत होतं. "लिहून घेणार" एवढं सरळ वाचलं. खाली तुमचं नाव पूर्ण होतं. दादांचं नाव बगलेच्या गोलाईत अर्धं कापलं गेलं होतं. बाई समोर उभ्या होत्या. मी त्यांचं माप घेतलं, आणि ते बरोबरही घेतलं. मग बाही ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

तुम्हाला लिहायला हवं होतं. उद्या लिहू, उद्या लिहू असं म्हणत गेले, आणि उद्या लिहायचं ते फार दिवसांचं झालं की मग लाज वाटायला लागते. यांनाही सांगितलं नाही. मला वाटायचं, हे फक्त मला माहीत आहे.

काल ती बाही पुन्हा काढली. कोऱ्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं आहे : "शाळेच्या बाई. बाही साडेनऊ." अक्षर यांचं. मला लिहिता येत नव्हतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी साठलेली सगळी कटिंगं मांडीवर घेऊन हे प्रत्येकीवर नाव आणि माप घालून द्यायचे. म्हणजे ही बाही त्यांच्या मांडीवर होती, हातात होती. घरात वाचता येणारे तुम्ही गेल्यावर ते एकटेच उरले होते.

उलटून पाहिली की नाही, हे आता मला कोण सांगणार? पण न पाहिलेला माणूस सव्वीस दिवसांत भावाला कागदावर खोली बांधून देत नाही. मला चारचौघांत खोटं पाडणं त्यांना जमलं नाही, तुम्हाला परत बोलावता आलं नाही. त्यांच्या हातात फीत होती आणि पेन्सिल होती, तेवढ्यावर त्यांनी जमवलं. ती बाही त्यांनी खिळ्यावर परत अडकवली, माझ्या रोजच्या नजरेसमोर. मला वाचता येईल त्या दिवसाची वाट बघत होते का, असं आता वाटतं. आणि तो दिवस आला तेव्हा मी ती लपवली. खिळा रिकामा झाला हे त्यांना दिसलं असणारच. एका बाहीवरून एका घरात दोन माणसं साडेबारा वर्षं गप्प बसली.

अठरा वर्षं मी तुमच्यावर संशय घेतला. त्यातली पहिली चार खरी होती. नंतरची चौदा मला सोयीची होती.

उद्या हरकत मागे घ्यायला जाते आहे.

— वहिनी

९ मार्च

भावजी,

हरकत मागे घ्यायलाही अर्जच लागतो. झाडाखालचा माणूस म्हणाला, बाई, आयतं हातात आलेलं घर सोडणारी तुम्ही पहिलीच. मी त्याला म्हटलं, तुम्ही नुसतं लिहा, शुद्धलेखन मी तपासते.

पण हरकत गेली तरी पाहणी ठरलेली ती ठरलेली. आज अकरा वाजता पाहणीचे साहेब आले. तरुण आहेत, घाईत होते. थेट मागच्या दारी गेले. दगड पाहिला, तार पाहिली, तक्ता पाहिला. म्हणाले, इथे खोली नाही, नोंद खोटी आहे, भोगवटादारासकट काढावी लागेल. पेनाचं टोपण दातांनी उघडलंसुद्धा.

मी म्हटलं, साहेब, खोली आहे. जागा लिहिताना चुकली.

त्यांना पुढच्या खोलीत आणलं. मशीन मी काल संध्याकाळीच मधल्या खोलीत ओढून नेलं होतं. अजून कंबर धरली आहे. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि भिंतीला खिळा, एवढंच ठेवलं होतं. साहेबांनी फीत काढली. टोक धरणारा माणूस आज सुट्टीवर होता. ते इकडे तिकडे बघायला लागले.

मी टोक धरलं. भिंतीला टेकवून, अंगठ्याने दाबून, हे धरायचे तसं. पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी त्या अंगठ्याला तेल लावलं आहे मी. कसं धरतात ते मला वेगळं शिकावं लागलं नाही.

लांबी बारा. रुंदी दहा. साहेबांनी पुन्हा मोजलं. एका बोटाचाही फरक नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, भावजी. त्यांनी खोली मनाने रचली नव्हती. तुमचीच खोली मोजली होती. ती मी माझ्या मशीनने भरून टाकली म्हणून उचलून लिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवली होती, कागदावर.

साहेबांनी तक्ता दुरुस्त केला. मागची खोली काढली. खोल्या तीन. पुढची खोली, दहा बाय बारा. मग पेन थांबवून विचारलं, "भोगवटादार इथे राहतात का?"

मी म्हटलं, "नाव लिहा. माणसाचं मी बघते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. दाराला आतून रंगाखालून 'क' वर आला होता. का कोण जाणे, त्यांनी लिहिलं. खाली माझी सही घेतली.

बाही सोबत घडी न घालता पाठवते आहे. आधी पेन्सिलची बाजू वाचा, मग दुसरी. खत म्हणून तिला आता किंमत नाही, कचेरीतून नक्कल मिळते. गल्लीत त्या दिवशी ऐकणाऱ्या चार माणसांतली दोन अजून आहेत. त्या दोघांना मी काल बोलावून ही बाही दाखवली आणि काय झालं ते सांगितलं. एक जण म्हणाला, वहिनी, जुनं झालं, सोडा आता. मी म्हटलं, सोडलं होतं, म्हणूनच एवढं जुनं झालं.

पुढच्या खोलीची कडी घट्ट झाली आहे, दार जरा उचलून लावावं लागतं. किल्ली शेजारी ठेवत नाही, मी घरीच असते.

तक्त्यात तुम्ही इथे राहता असं लिहिलं आहे, आणि खाली माझी सही आहे. मागे मी तुम्हाला चारचौघांत खोटं पाडलं. तुम्ही मला पाडू नका.

— वहिनी